तारेचे फास शोधताना: विदर्भातल्या जंगलात गस्तीला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

दुचाकीची टाकाऊ क्लच वायर, कुंपणाची जीआय तार किंवा नायलॉनची दोरी, एवढ्यावर फास तयार होतो. जनावराच्या वाटेवर तो टांगला की रानडुक्कर अडकतं, चितळ अडकतं, आणि लावणाऱ्याच्या मनात नसलं तरी वाघ, बिबट, अस्वल, तडस हेही अडकतात. टिपेश्वर अभयारण्यात गळ्यात तार रुतलेल्या वाघिणी एकापेक्षा जास्त वेळा आढळल्या आहेत. बंदुकीचा निदान आवाज तरी होतो. फास मुका असतो आणि लावणारा विसरून गेला तरी कित्येक महिने जनावराची वाट पाहत राहतो.

मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे विदर्भातले पाच व्याघ्र प्रकल्प. त्यांच्या गाभा क्षेत्रात वनरक्षकांची ये-जा बऱ्यापैकी असते. फासांचा खरा त्रास बफरमध्ये (गाभ्याभोवतालच्या पट्ट्यात), प्रादेशिक वनविभागाच्या जंगलात आणि गावाला लागून असलेल्या झुडपी जंगलात आहे. तिथे एका वनरक्षकाकडे शेकडो हेक्टरांचं बीट (नियतक्षेत्र) असतं. रोपवन, वणवा, तेंदूपत्ता, अतिक्रमण हे सगळं सांभाळून त्याला प्रत्येक नाला पायी तपासता येत नाही. स्वयंसेवकांचे डोळे आणि पाय तिथे उपयोगी पडतात.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी. फास दिसला, ओढून काढला, पिशवीत टाकला, एवढ्याने काहीच साधत नाही. नोंद न करता काढलेल्या फासाच्या जागी आठवड्याभरात दुसरा लागतो. गुन्हा दाखल होत नाही, आणि ती वाट धोक्याची आहे हे पुढच्या गस्तीला कळतही नाही. किती फास काढले यापेक्षा त्याच वाटांवर किती नेमाने परत गेलो आणि काय लिहून ठेवलं, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी कागद, मग जंगल

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तोच नियम लागू आहे. राखीव वनात भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो. चांगल्या हेतूने का होईना, पण स्वतःहून आत गेलात आणि हातात तार घेऊन सापडलात, तर खुलासा करताना जीव मेटाकुटीला येईल. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं कार्यालय.

अर्जात प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता, मोबाईल, रक्तगट आणि घरच्या एका व्यक्तीचा नंबर लिहा. महिन्यातले कोणते दिवस नक्की देऊ शकता तेही लिहा. 'जमेल तेव्हा येऊ' असं लिहिलेला अर्ज फायलीतच राहतो. 'दर महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार' असं लिहिलं की वनरक्षकाला नियोजन करता येतं. परवानगी लेखी घ्या आणि त्यात तारीख, कक्ष क्रमांक (जंगलाच्या नेमक्या भागाचा नंबर) आणि सोबतच्या वन कर्मचाऱ्याचं नाव असल्याची खात्री करा. गस्तीत अपघात झाला तर विम्याचं काय, हे त्याच वेळी विचारून घ्या. १८ वर्षांखालच्यांना या कामात घेऊ नये.

बफरमधल्या गावात राहत असाल तर ग्राम परिस्थितीकीय विकास समितीमार्फत जाणं सोपं पडतं. इतर वनक्षेत्रात हेच काम संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडून होतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार आणि जबाबदारी ग्रामसभेला दिली आहे. अशा गावात ग्रामसभेचा ठराव करून गस्तीचं पथक नेमावं आणि ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी.

चमू आणि सोबतचं सामान

एक वनरक्षक, एक वनमजूर किंवा जंगल माहीत असलेला गावकरी, आणि चार ते पाच स्वयंसेवक. याहून मोठा चमू नको. गर्दी झाली की बोलणं वाढतं, ओळ मोडते आणि मागच्यांचं लक्ष जमिनीवरून उडतं. नोंदी लिहायचं काम निघतानाच एकाकडे द्या. त्याने शोधायचं नाही, फक्त लिहायचं आणि फोटो काढायचे. शोधणाराच लिहायला बसला की दोन्ही कामं अर्धी होतात.

कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पायात घोटा झाकणारे बूट आणि पँटची टोकं मोज्यात खोचलेली. चामड्याचे हातमोजे हवेतच, कारण तुटलेल्या क्लच वायरचे धागे सुईसारखे टोचतात आणि त्यावर अनेकदा कुजलेलं रक्त असतं. पाच फुटांची बांबूची काठी, शिट्टी, पाच मीटरचा टेप, १५ सेंटीमीटरची पट्टी, आठ इंची पक्कड, कापडी पिशव्या, चिठ्ठ्या, वही आणि बॉलपेन. जेलपेनची शाई घामाने पसरते. मोबाईलमध्ये त्या भागाचा नकाशा आदल्या दिवशी उतरवून ठेवा, आत गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तीन लिटरही कमी पडतात आणि दहा वाजता परतीला लागावं लागतं.

कुऱ्हाड, कोयता, विडी-काडीपेटी आणि कुत्रा यातलं काहीही सोबत नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम असतो, त्यात तर काडीपेटी खिशातही ठेवू नये.

कोणत्या दिवसांत, कुठल्या वाटांवर

पूर्व विदर्भात धान निसवल्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, बांध्यांच्या (भातखाचरांच्या) कडेला फास आणि जाळी वाढतात. हरभरा, तूर, लाखोळी उभी असते तेव्हा हिवाळ्यात पुन्हा तेच. होळी-धुळवडीच्या आधीचे आठ दिवस खास लक्ष ठेवायचे. एप्रिल-मे मध्ये शेतं रिकामी होतात आणि फास धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) पाणवठ्याकडे सरकतात. पावसाळ्यात गवत कमरेइतकं वाढतं. तेव्हा नवख्यांनी आत जाऊ नये, पण वनविभागाची गस्त याच काळात सगळ्यात जास्त लागते हे लक्षात असू द्या.

जागा ठरवताना जनावरासारखा विचार करा. त्याला दाट झुडपातून वावरात यायचं आहे, किंवा उतरून पाण्याशी जायचं आहे, आणि सोपी वाट हवी आहे. मग काटेरी कुंपणाची फट, पांदणीचं वळण, नाला ओलांडायचा उतार, बोडीची (लहान तळ्याची) पाळ, मामा (माजी मालगुजारी) तलावाचा मागचा काठ, रोपवनाच्या कुंपणाचा तुटलेला भाग आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडांखालचा परिसर, या जागा पहिल्यांदा. पाणवठ्यापासून सुमारे दोनशे मीटरपर्यंत येणाऱ्या प्रत्येक पायवाटेवर चाला. मोठ्या गाडीरस्त्यावर फास क्वचितच असतो. तिथून दहा-पंधरा पावलं आत असतो.

डोळा तयार करणं

पहिल्या खेपेला बहुतेकांना काहीच दिसत नाही. गंजलेली तार वाळक्या वेलीसारखी दिसते, नायलॉनची हिरवी दोरी गवतात हरवते. म्हणून जंगलात जाण्याआधी एक सराव करावा. वनरक्षकाला सांगून गावाजवळच्या मोकळ्या पडीक जागेत दोरीचे दहा नकली फास वेगवेगळ्या उंचीवर लावून घ्या आणि चमूला शोधायला लावा. किती सुटले ते मोजा, तीच वाट उलट दिशेने चाला, पुन्हा मोजा. उलट येताना दोन-तीन जास्त सापडतात, कारण एका बाजूने बुंध्याआड असलेली तार दुसऱ्या बाजूने उघडी पडते. सराव संपला की दहाच्या दहा नकली फास मोजून काढून घ्या. एकही मागे राहता कामा नये.

जंगलात ओळीने पसरा, दोघांत पाच मीटर अंतर. पाच माणसं म्हणजे २५ मीटरचा पट्टा. दाट बांबूत किंवा रायमुनियाच्या झुडपात हे अंतर तीन मीटरवर आणा. वेग तासाला एक किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही. दहा पावलं चालायचं, थांबायचं, आणि थांबल्यावर नजर तीन उंचींवरून फिरवायची: घोटा, गुडघा, मांडी. ससा-साळिंदरासाठीचा फास घोट्याजवळ असतो. डुक्कर, चितळ, भेकर यांच्यासाठीचा गुडघा ते मांडीच्या दरम्यान. चालताना शोधायचा प्रयत्न केला तर लक्ष पाय कुठे पडतो याकडेच राहतं.

तार दिसण्याआधी तिच्या खुणा दिसतात. तोडलेल्या फांद्यांची आडवी रांग आणि मधे एकच मोकळी फट, असं दृश्य दिसलं की थांबा. वाऱ्याने पडलेल्या फांद्या अस्ताव्यस्त असतात. माणसाने रचलेल्या एका दिशेने असतात आणि त्यांची टोकं तिरपी, एका घावात कापलेली असतात. बुंध्यावर जमिनीपासून फूट-दीड फुटावर सालीला गोल चर पडला असेल तर तिथे तार बांधली जात होती. तारेचा तुकडा बुंध्याला तसाच राहिला असेल तर ती जागा पूर्वी वापरात होती आणि पुन्हा वापरली जाण्याची शक्यता मोठी.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे झटापटीचं वर्तुळ. झाडाभोवती दोन-तीन फुटांच्या त्रिज्येत माती नांगरल्यासारखी उकरलेली, गवत मुळासकट उपटलेलं, बुंध्यावर दातांचे किंवा खुरांचे ओरखडे, सालीच्या भेगांत अडकलेले राठ केस. वर्तुळाची कड अगदी स्पष्ट असते, कारण जनावर तारेच्या लांबीपर्यंतच ओढू शकतं. असं वर्तुळ दिसलं आणि आत काहीच नसलं तरी ते तारेइतकंच महत्त्वाचं आहे. त्याची नोंद फासासारखीच करा.

एक फास सापडला की चमूला पुढे जायची घाई होते. तिथेच चूक होते. फास एकटा क्वचित असतो. लावणारा एका रात्रीत एका नाल्याला पाच-सहा लावून जातो. सापडलेल्या जागेभोवती पन्नास मीटरची फेरी मारा आणि त्याच पायवाटेवर दोन्ही बाजूंना शंभर मीटर जाऊन या.

सापडल्यावर

शिट्टी एकदा वाजवा. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. फासाजवळ फक्त वनरक्षक आणि नोंद घेणारा जाईल, तेही एकाच वाटेने, म्हणजे लावणाऱ्याच्या पावलांचे ठसे, विडीचं थोटूक, गुटख्याची पुडी, दुचाकीच्या टायरची खूण यावर पाय पडणार नाही. तारेला हात लावायचा नाही.

फोटो तीन. पहिला दहा पावलांवरून, ज्यात आजूबाजूची झाडं आणि वाट दिसेल. दुसरा दोन पावलांवरून, पूर्ण फास आणि बांधलेला बुंधा दिसेल असा. तिसरा अगदी जवळून, गाठीचा, बाजूला पट्टी धरून. मग वहीत नोंद. नमुन्यादाखल अशी:

'सकाळी ९.२०. नियतक्षेत्र, कक्ष क्रमांक. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकडे. नाल्याच्या उत्तर काठावर, धुऱ्यापासून ४० मीटर. क्लच वायर, लांबी १.६ मीटर, फासाचा व्यास २८ सेंमी, जमिनीपासून खालची कड ३५ सेंमी. धावड्याच्या बुंध्याला दुहेरी पीळ. तार नवी, गंज नाही. दोन्ही बाजूंना फांद्या रचलेल्या, काप ताजे, पानं हिरवी. जनावर नाही, केस नाहीत. जवळ चितळाच्या लेंड्या.'

ताज्या कापाची आणि हिरव्या पानांची नोंद का? कारण त्यावरून फास कालचा की महिन्याभरापूर्वीचा हे कळतं. कालचा असेल तर लावणारा एक-दोन दिवसांत बघायला येणार, आणि वनविभाग तिथे दबा धरून बसू शकतो. कधी कधी वनरक्षक फास लगेच काढणार नाही, वरिष्ठांना विचारेल. तो निर्णय त्यांचा. तिथे वाद घालू नका, जागेवर रिबीन बांधू नका, खूण ठेवू नका.

काढायचा ठरला तर पंचनामा होतो आणि स्वयंसेवकाला पंच म्हणून सही करायला सांगितलं जाऊ शकतं. सही करण्याआधी दोन गोष्टी माहीत असाव्यात. पुढे खटला उभा राहिला तर न्यायालयात साक्षीला जावं लागेल. आणि कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करायची नाही. लिहिलेलं वाचून, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच त्यात आहे याची खात्री करून सही करा. आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो.

तार कापताना फासाकडून नव्हे, बुंध्याकडून कापावी, म्हणजे गाठ शाबूत राहते. गाठ मारायची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. दोन जागच्या गाठी सारख्या निघाल्या तर तपासाला दिशा मिळते. कापडी पिशवी, चिठ्ठी, सील हे वनरक्षकाने करायचं. घरी आठवण म्हणून तार नेणं हा पुरावा पळवण्याचा प्रकार आहे.

फोटो कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, गस्तीच्या स्वतःच्या गटावरही अक्षांश-रेखांशासह नको. गावातला एक फॉरवर्ड लावणाऱ्यापर्यंत तासाभरात पोहोचतो. वाघाचे पगमार्क दिसले तर तेही तसंच, फक्त वनरक्षकाला सांगा.

जनावर जिवंत असेल तर

या प्रसंगी मन आवरणं सगळ्यात कठीण जातं. तडफडणारं चितळ समोर असतं, हातात पक्कड असते, आणि वाटतं की एक कात्री मारली की सुटेल. तसं करू नका. तार कातडीत रुतलेली असेल तर तुम्ही बुंध्याकडून कापल्यावर जनावर फास अंगावर घेऊनच पळतं. जखम चिघळते, अळ्या पडतात आणि ते आठ-पंधरा दिवसांनी कुठेतरी मरतं. दुसरं असं की चितळ, भेकर, चौसिंगा ही जनावरं माणूस जवळ आल्याच्या भीतीने इतकी झटतात की स्नायूंना इजा होऊन सुटका झाल्यावरही दगावतात. तुमचं लांब राहणं हाच त्या वेळी पहिला उपचार.

सगळा चमू शंभर पावलं मागे, झाडांच्या आड, आवाज बंद. वनरक्षक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवेल. वनरक्षक सोबत नसेल तर १९२६ ही वनविभागाची हेल्पलाईन चोवीस तास चालू असते. सांगताना जनावर कोणतं, तार कुठे अडकली आहे, गळा, पाय की पोट, जखम दिसते का, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते, एवढं नेमकं सांगा. पशुवैद्यक आणि बचाव पथक बेशुद्धीचं औषध ठरवताना हीच माहिती वापरतात. त्यांची वाट पाहताना स्वयंसेवकांनी करायचं मोठं काम म्हणजे गावाकडून येणारी गर्दी अडवणं. वाघ, बिबट किंवा अस्वल अडकलं असेल तर शंभर पावलंही कमी. तार कधीही तुटू शकते. पार मागे, गाडीपर्यंत या.

करंट लावलेली तार

फासांपेक्षाही ही गोष्ट विदर्भात जास्त जीव घेते, माणसांचेही. रानडुकरांपासून पीक वाचवायला किंवा शिकारीसाठी लाईनवर आकडा टाकून उघड्या तारेत वीज सोडली जाते. जय या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात अशाच तारेने मेला, आणि गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणूनच इतक्या लवकर शोध लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रह्मपुरीहून बोरमध्ये सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात शेतातल्या विजेच्या तारेला लागून गेली.

ओळखायची खूण अशी. धुऱ्यालगत किंवा पायवाटेवर हातभर उंचीच्या लाकडी खुंट्यांची रांग, खुंट्यांवर प्लॅस्टिकच्या बाटलीचे किंवा रबरी नळीचे तुकडे, त्यावरून ओढलेली उघडी तार. तार जिथे संपते तिथून नजर वर न्या, विजेचा खांब, डीपी किंवा मोटारपंपाची पेटी दिसते का ते बघा. सौर कुंपण, ज्याला लोक झटका मशीन म्हणतात, ते वेगळं. त्याला पेटी, बॅटरी, सौरपत्रा, नीट बसवलेले इन्सुलेटर असतात आणि जवळ गेलं की सेकंदा-सेकंदाला टिक-टिक ऐकू येतं. त्यातून क्षणभराचा झटका येतो, सलग प्रवाह नसतो. पण लांबून दोन्हींत फसगत होऊ शकते, म्हणून हात कशालाच लावायचा नाही.

दिवसा वीज बंद असेल असं गृहीत धरू नका. भारनियमनाचं वेळापत्रक बदलतं, आणि शेतीच्या फिडरवर वीज अवेळी येते. तार दिसली की थांबा. जमीन ओली असेल तर दोन्ही पाय जवळ ठेवून छोट्या छोट्या पावलांनी सरकत किमान दहा मीटर मागे या, लांब ढांगा टाकू नका, कारण ओल्या जमिनीत दोन पायांमधल्या अंतरानेही झटका बसतो. काठीने तार उचलून बघणं, सुकी फांदी टाकून तपासणं हे जीवावर बेतू शकतं. महावितरणच्या १९१२ वर आणि वनविभागाला कळवा. पुरवठा लाईनमनने बंद केल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही, वनरक्षकानेही नाही.

पानांखाली दडवलेले लोखंडी शिकंजे आणि डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब यांच्या बाबतीत नियम अजून सोपा आहे. अनोळखी गोळा, पुडकं किंवा जमिनीतून डोकावणारं लोखंड दिसलं तर आलात त्याच पावलांवरून मागे फिरा आणि वनरक्षकाला सांगा. शिकंजे शोधायला मेटल डिटेक्टर लागतो. ते काम प्रशिक्षित पथकाचं आहे.

जनावरं, साप आणि ताप

वाघापेक्षा अस्वलाशी अचानक गाठ पडण्याची भीती जास्त, खास करून मोह गळायच्या दिवसांत पहाटे आणि झुडपांच्या सावलीत. उजेड चांगला पडल्यावरच निघा, नाल्याच्या वळणावर काठी बुंध्यावर आपटून आवाज करा. वाघ किंवा बिबट समोर आला तर पळू नका, वाकू नका, सगळे एकत्र उभे राहून तोंड त्याच्याकडे ठेवत हळूहळू मागे सरा. पिल्लं दिसली तर तो दिवस तिथेच संपला असं समजून परत फिरा.

सर्पदंश झाला तर कापणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काही करायचं नाही. माणसाला झोपवा, चावलेला अवयव काठीला बांधून स्थिर ठेवा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते कुठलं, हे निघण्याआधी फोन करून विचारलेलं असावं.

तापाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातल्या बारीक किडीच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आली होती. गस्तीनंतर एक ते तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आली आणि अंगावर कुठेतरी, बहुतेक काखेत किंवा जांघेत, काळी खपली दिसली तर डॉक्टरांना 'जंगलात गवतातून फिरलो होतो' हे आवर्जून सांगा. वेळीच ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो, उशीर झाला तर जीव घेतो. परत आल्याबरोबर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणं हे टाळू नका.

रिकाम्या हाताच्या दिवसाचीही नोंद

काही सापडलं नाही तर वहीत काही लिहायचं नाही, ही सवय सगळ्या चमूंना लागते आणि तिने पूर्ण वर्षाचं काम निरुपयोगी होतं. प्रत्येक गस्तीची तारीख, कक्ष, किती माणसं, किती किलोमीटर, किती तास आणि किती फास, शून्य असेल तर शून्य, हे लिहाच. समजा मार्चमध्ये ९ किलोमीटर चालून ६ फास मिळाले आणि एप्रिलमध्ये ३ किलोमीटरमध्ये ३. संख्या निम्म्यावर आली म्हणून कोणी पाठ थोपटून घेईल. पण किलोमीटरमागे हिशेब केला तर ०.६७ वरून १ वर गेलं, म्हणजे फास वाढलेत. चाललेल्या वाटेची लांबी लिहिली नसती तर हे कळलंच नसतं. दर तीन महिन्यांनी हे आकडे नकाशावर टाकून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यासोबत तासभर बसा आणि पुढच्या वाटा त्यावरून ठरवा. एकच वाट महिन्यातून दोनदा चालणं हे सहा वाटा एकेकदा चालण्यापेक्षा चांगलं, कारण लावणाऱ्याला गस्त परत येते हे कळायला हवं.

नोंदी नकाशावर टाकल्यावर बहुतेक ठिकाणी असं दिसतं की जंगलाच्या आत लागलेले फास आणि धुऱ्यालगतचे फास हे दोन वेगळे प्रकार आहेत. आतले शिकारीसाठी असतात, त्यांचा बंदोबस्त वनविभाग करेल. धुऱ्यावरचे अनेकदा रात्रभर जागली करून थकलेल्या शेतकऱ्याचे असतात, ज्याचं पीक डुकरं आणि रोही (नीलगायी) उभं तुडवून गेले. तिथे स्वयंसेवकांनी पोलिसी करू नये, गावात कोणाचं नाव घेऊ नये. वन्यजीव कायद्यात वाघासारख्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ गेला तरी 'मला वाघ नको होता' हे कारण चालत नाही. हे शेतकऱ्याला समजावून सांगा, आणि सोबत भरपाईचा अर्ज भरून द्या.

या अर्जात मुदतीची अडचण जास्त होते. पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाला कळवावं लागतं, आणि वन्यप्राण्याने गाय-बैल मारला तर ४८ तासांच्या आत, मृत जनावर जागेवरून न हलवता. सातबारा, आधार, बँक पासबुकाच्या झेरॉक्स प्रती आणि नुकसानीचे तारखेसह फोटो लागतात. शेतकरी मजुरीला जातो, वेळ निघून जातो, अर्ज बाद होतो. चमूतल्या दोघांनी कोरे अर्ज आणि यादी जवळ ठेवावी, फोन आला की त्याच दिवशी वावरात जाऊन फोटो काढावेत, अर्ज दाखल करून शिक्क्याची पोचपावती शेतकऱ्याच्या हातात द्यावी आणि तिचा फोटो आपल्याकडे ठेवावा. पात्र गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्याची मागणी समितीच्या बैठकीत ठरावाने करायची असते. पंचनाम्याला कोणी आलं की नाही, हे आठवड्याने पोचपावतीवरचा क्रमांक घेऊन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.